शंभर गिगाबिटचा पोर्ट आणि दहा गिगाबिटचा सर्व्हर: जोडणी होते कशी?

स्विच आणि सर्व्हर एकाच दिवशी जुने होत नाहीत. नवा स्विच येतो तो ३२ पोर्टांचा, प्रत्येक पोर्ट १०० गिगाबिटचा. रॅकमधले सर्व्हर मात्र आधीपासून चालू असतात, आणि त्यांच्या नेटवर्क कार्डावर १० किंवा २५ गिगाबिटचे पोर्ट असतात. दोघांच्या प्लगचा आकार वेगळा, वेग वेगळा. तरीही ही जोडणी अगदी व्यवस्थित होते, रोज होत असते. फक्त ती कशामुळे होते हे समजून घेतलं नाही, तर चुकीची केबल मागवली जाते, जोडणी झाल्याचा दिवा लागत नाही, आणि दोष भलत्याच भागावर जातो.

आधी एक सवय सोडावी लागते. आरजे-४५ प्लगच्या तांब्याच्या केबलवर १०, १०० आणि १००० मेगाबिटची उपकरणं आपणहून एकमेकांशी बोलून वेग ठरवतात. जुना लॅपटॉप गिगाबिट स्विचला लावला तरी काही सांगावं लागत नाही. त्यामुळे वरच्या वेगाचा पोर्ट आपोआप खाली उतरतो, असं मनात पक्कं बसलेलं असतं. फायबरच्या दुनियेत हे चालत नाही. तिथे पोर्टमध्ये मॉड्यूल बसवतात, म्हणजे विजेचा सिग्नल प्रकाशात बदलणारी छोटी डबी. १० गिगाबिटचं एसआर मॉड्यूल आणि १ गिगाबिटचं एसएक्स मॉड्यूल, दोन्ही ८५० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात, केबलही तीच लागते. पण एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरं लावलं, तर लिंक येत नाही. प्रकाश पोचतो, पण बिट किती वेगाने वाचायचे यावर एकमत होत नाही, आणि ते करून देणारी वाटाघाटीची सोयच त्या मॉड्यूलमध्ये नसते.

मग शंभराचा पोर्ट दहावर येतो कसा? याचं उत्तर पोर्टच्या आत आहे.

एक पोर्ट, चार लेन

४० गिगाबिटचा पोर्ट हा ४० गिगाबिटने धावणारा एकच मार्ग नसतो. तो १० गिगाबिटच्या चार लेनचा जुडगा असतो. ४० आणि १०० गिगाबिट इथरनेटचं पहिलं मानक, ८०२.३बीए, २०१० साली आलं, तेव्हा एका तारेवरून किंवा एका फायबरवरून इतका वेग स्वस्तात पाठवणं शक्य नव्हतं. म्हणून डेटा अनेक भागांत वाटून समांतर पाठवला गेला, ४० गिगाबिटसाठी चार. अशा चार लेनच्या पोर्टच्या आकाराला क्यूएसएफपी म्हणतात; नावातला क्यू म्हणजे क्वाड, चौपट. क्यूएसएफपी प्लस म्हणजे ढोबळमानाने चार एसएफपी प्लस, म्हणजे १० गिगाबिटचे एका लेनचे प्लग, एका डबीत.

पुढे एका लेनचा वेग १० वरून २५ गिगाबिटवर गेला. चार लेन गुणिले २५, म्हणजे १०० गिगाबिटचा क्यूएसएफपी-२८. त्यातली एक लेन सर्व्हरसाठी सुटी काढली की २५ गिगाबिटचा एसएफपी-२८. २५ गिगाबिट इथरनेटचं मानक, ८०२.३बीवाय, २०१६ साली आलं, म्हणजे ४० आणि १००च्या नंतर. आधी मोठा आकडा आणि नंतर छोटा, हा उलटा क्रम याच कारणाने आहे: १०० गिगाबिटच्या पोर्टमध्ये २५ची लेन आधीपासून होती, ती सर्व्हरपर्यंत न्यायची होती.

तांत्रिक कागदपत्रांत या लेनचे वेग १०.३१२५ आणि २५.७८१२५ असे विचित्र आकड्यांत दिसतात. त्यात गूढ काही नाही. दर ६४ बिटांना २ बिटांची खूण जोडून ६६ बिट पाठवले जातात; १०ला ६६ ने गुणून ६४ ने भागलं की १०.३१२५ येतं.

एवढं पक्कं झालं, की पोर्टवर छापलेला १०० हा आकडा बाजूला ठेवायचा आणि दोनच गोष्टी विचारायच्या: या पोर्टमध्ये लेन किती, आणि एक लेन कोणकोणत्या वेगाने चालू शकते. केबल, मॉड्यूल, सेटिंग, सगळे पुढचे निर्णय याच दोन उत्तरांवरून निघतात.

केबलने पोर्ट फोडणं

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे ब्रेकआउट केबल. एका टोकाला स्विचमध्ये जाणारा क्यूएसएफपी प्लग, दुसऱ्या टोकाला चार एसएफपी प्लग, चार सर्व्हरांसाठी. आत काही जादू नाही, प्रत्येक लेनची तार वेगळी काढलेली असते. १०० गिगाबिटचा पोर्ट चार २५चे पोर्ट देतो. ४०चा पोर्ट चार १०चे. १०० गिगाबिटच्या बहुतेक पोर्टांच्या लेन १० गिगाबिटनेही चालवता येतात, म्हणून १० गिगाबिटचे चार सर्व्हरही तिथे बसतात. अशा वेळी ६० गिगाबिटची क्षमता पडून राहते, पण ३२ पोर्टांच्या स्विचवरून १००हून अधिक सर्व्हर जोडता येत असतील, तर तो सौदा बहुतेक वेळा योग्यच ठरतो.

रॅकच्या आतल्या अंतरासाठी तांब्याची डॅक केबल पुरते. तिच्यात प्रकाशाचं मॉड्यूल नसतं, त्यामुळे वीज जवळपास लागत नाही, उष्णता नाही, आणि बिघडण्यासारखं फार काही नाही. अडचण लांबीची. १० गिगाबिटवर अशी साधी केबल ५ ते ७ मीटरपर्यंत मिळते. २५ गिगाबिटवर मात्र ३ मीटर ही सोयीची मर्यादा आहे. ५ मीटरपर्यंत जाता येतं, पण त्यासाठी चूक-दुरुस्तीची एक जड पद्धत चालू करावी लागते, तिच्याकडे पुढे येऊच. त्याहून लांब जायचं असेल तर एओसी, म्हणजे दोन्ही टोकांना मॉड्यूल कायमचं चिकटवलेली फायबर केबल, किंवा मग सुटं मॉड्यूल आणि सुटी फायबर.

सुटी फायबर निवडली तर स्विचच्या बाजूला एसआर४ मॉड्यूल बसतं आणि त्याला एमपीओ नावाचा चपटा, एका ओळीत १२ फायबर असलेला प्लग लागतो. त्यातल्या ८ वापरात असतात, चार जायला आणि चार यायला; मधल्या चार रिकाम्या. पहिली लेन १ आणि १२ या जोडीवर, दुसरी २ आणि ११, तिसरी ३ आणि १०, चौथी ४ आणि ९. हार्नेस केबल याच जोड्या चार एलसी प्लगांवर, म्हणजे दोन-दोन फायबरच्या छोट्या प्लगांवर, आणून देते. जोड्यांचा हा क्रम लक्षात असेल, तर चारपैकी एकच सर्व्हर गप्प असताना नेमकी कोणती फायबर साफ करायची ते कळतं. एमपीओच्या तोंडावर धुळीचा एक कण बसला, की एक लेन मरते आणि बाकी तीन मजेत चालू राहतात. लांबीचं म्हणाल तर ४० गिगाबिट एसआर४ ओएम३ दर्जाच्या फायबरवर १०० मीटर आणि ओएम४वर १५० मीटर जातं. १०० गिगाबिट एसआर४ अनुक्रमे ७० आणि १०० मीटर.

इथे माझं एक स्पष्ट मत आहे. अंतर ३ मीटरच्या आत असेल तर डॅक सोडून दुसरं काही घेऊ नये. फायबर दिसायला नीटस असते, पण रॅकच्या आत तिने मिळणारा फायदा शून्य आणि सांभाळायच्या गोष्टी चौपट.

जे फुटत नाही

प्रत्येक ४० किंवा १०० गिगाबिटचं मॉड्यूल फोडता येतं असं नाही, आणि सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. लांब अंतराच्या एलआर४ मॉड्यूलच्या नावात ४ आहे, आतही चार लेन आहेत, पण त्या चार वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात बदलून एकाच फायबरमध्ये एकत्र सोडलेल्या असतात. साध्या केबलने त्या वेगळ्या काढता येत नाहीत. दूरच्या अंतरावर पोर्ट फोडायचा असेल तर समांतर फायबरचं मॉड्यूल लागतं: ४० गिगाबिटला पीएलआर४, १००ला पीएसएम४.

४० गिगाबिटचं बायडाय मॉड्यूलही असंच. ते चार १०च्या लेन घेतं आणि आतच त्यांचे दोन २०चे प्रवाह करतं. बाहेर १० गिगाबिटचं काही उरतच नाही. १०० गिगाबिटच्या डीआर मॉड्यूलमध्ये तर चारही लेन मिसळून एकाच फायबरवर १०० गिगाबिटचा एकच प्रवाह निघतो. विद्युत बाजूला चार २५ आहेत, प्रकाशाच्या बाजूला एक १०० आहे, आणि सर्व्हरला फक्त प्रकाशाची बाजू दिसते.

४०० गिगाबिटच्या स्विचवर प्रश्न आणखी थोडा बदलतो. तिथल्या क्यूएसएफपी-डीडी पोर्टमध्ये आठ लेन असतात आणि प्रत्येक ५० गिगाबिटची. पण हे ५० गिगाबिट २५ची घाई दुप्पट करून आलेले नाहीत. आधीच्या पद्धतीत, म्हणजे एनआरझीत, प्रत्येक ठोक्याला सिग्नलच्या दोन पातळ्या आणि एक बिट. नव्या पॅम-४ पद्धतीत चार पातळ्या आणि दोन बिट. त्यामुळे १०० गिगाबिट म्हणजे चार लेन गुणिले २५ एनआरझी, की दोन लेन गुणिले ५० पॅम-४, हे विचारावं लागतं. दोन्हींची बेरीज १००च होते, आणि तरीही ती एकमेकांशी बोलत नाहीत. सर्व्हरवरचं जुनं १०० गिगाबिटचं कार्ड चार लेनवालं असेल, तर ४०० गिगाबिटचा पोर्ट ‘चार गुणिले शंभर’ असा फोडून साध्या तांब्याच्या केबलने त्याला लावता येत नाही. सुदैवाने क्यूएसएफपी-डीडीचं भोक साधं क्यूएसएफपी-२८ मॉड्यूलही स्वीकारतं. स्विच तशी मुभा देत असेल, तर अख्खा पोर्ट १००वर उतरवून काम भागतं.

एकच सर्व्हर असेल तर

चार सर्व्हर नाहीत, एकच आहे, आणि मोकळे पोर्ट भरपूर आहेत. अशा वेळी क्यूएसए नावाचं छोटं अडॅप्टर वापरतात. क्यूएसएफपीच्या भोकात ते जातं आणि समोर एसएफपीचं भोक देतं. पहिली लेन पुढे येते, बाकी तीन झोपून राहतात. १०० गिगाबिटच्या पोर्टवर १० गिगाबिट चालवणं म्हणजे नव्वद टक्के क्षमता सोडून देणं, पण व्यवस्थापनासाठीचा एखादा जुना सर्व्हर किंवा बॅकअपचं यंत्र जोडायला याहून सुटसुटीत काही नाही. २५ गिगाबिट हवं असेल तर अडॅप्टरही त्या वेगासाठी बनवलेलंच घ्यावं लागतं.

सर्व्हरवर तांब्याचा, आरजे-४५चा १० गिगाबिट पोर्ट असेल, तर एसएफपी प्लसच्या आकाराचं टी मॉड्यूल मिळतं. त्याबद्दल थोडं सावध राहा. १०जीबेस-टी, म्हणजे तांब्यावरचं १० गिगाबिट, मूळ मानकात १०० मीटर जातं, पण एसएफपीच्या इवल्याशा डबीत तेवढी वीज आणि उष्णता मावत नाही, म्हणून यातली बरीच मॉड्यूल ३० मीटरपर्यंतच हमी देतात. शेजारी-शेजारी अशी मॉड्यूल ठासून भरू नयेत. बऱ्याच स्विचांच्या माहितीपुस्तिकेत ती कोणत्या पोर्टांवर चालतील हे वेगळं लिहिलेलं असतं.

स्विचला सांगावं लागतं

केबल लावली म्हणून पोर्ट फुटत नाही. स्विचला सांगावं लागतं की हा पोर्ट आता चार गुणिले २५ आहे किंवा चार गुणिले १०. सांगितल्यावर जुन्या एका पोर्टऐवजी चार उपपोर्ट दिसू लागतात, आणि केबलच्या चार टोकांवर छापलेले १ ते ४ हे आकडे त्यांच्याशी जुळतात. जुन्या पोर्टवर व्हीलॅन (नेटवर्कचे आभासी विभाग) वगैरे जे काही लिहिलेलं होतं ते बहुतेक वेळा पुसलं जातं. काही स्विच यासाठी रीस्टार्ट मागतात. म्हणून चालू स्विचवर हा बदल दुपारच्या गर्दीत करायचा नसतो.

मर्यादा इथे लपलेल्या असतात. चारही लेनना साधारणपणे एकच वेग द्यावा लागतो; एका टोकाला १० आणि शेजारच्या टोकाला २५ अशी खिचडी बहुतेक ठिकाणी जमत नाही. सुट्या एसएफपी-२८ पोर्टांच्या स्विचवरही हाच नियम दुसऱ्या रूपात दिसतो. अनेक मॉडेलांत चार-चार पोर्टांचा एक गट असतो आणि गटाचा वेग एकच. १० गिगाबिटचा एक सर्व्हर चुकीच्या जागी लावला, की शेजारचे तीन पोर्टही १०वर अडकतात. जुने सर्व्हर एका कडेने, गट धरून लावले की हा प्रश्न उद्भवत नाही.

दुसरी मर्यादा चिपची. स्विचच्या चिपला एकूण किती पोर्ट मोजता येतात याला कमाल संख्या असते. ब्रॉडकॉमच्या ट्रायडंट-२ चिपमध्ये ३२ पोर्ट ४० गिगाबिटचे बसतात, पण १० गिगाबिटचे जास्तीत जास्त १०४च होतात, १२८ नाही. काही स्विचमध्ये एक पोर्ट चार भागांत फोडला की त्याच्या जोडीचा पोर्ट बंद पडतो. खरेदीआधी माहितीपत्रकात शोधायची गोष्ट कोणती, तर हीच. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेली टेराबिटमधली क्षमता या बाबतीत काहीही सांगत नाही.

दिवा लागतो, पण...

२५ गिगाबिटवर आल्यावर एक नवा शब्द भेटतो, एफईसी. वेग वाढला की तारेवर चुका वाढतात, म्हणून डेटाबरोबर थोडी जास्तीची माहिती पाठवून चुका पलीकडेच दुरुस्त केल्या जातात. २५ गिगाबिटसाठी तीन पर्याय आहेत: काहीच नको, हलकी बेस-आर पद्धत, किंवा जड आरएस पद्धत. लांब डॅकला आरएस लागते, चांगल्या प्रतीच्या छोट्या डॅकला काहीच नसलं तरी चालतं. दोन्ही टोकांना एकच पद्धत असायला हवी. स्विचवर आरएस आणि सर्व्हरवर काहीच नाही, अशी स्थिती असेल तर केबल, मॉड्यूल, पोर्ट सगळं ठणठणीत असूनही लिंक येत नाही.

१० गिगाबिटवर हा विषयच सहसा निघत नाही, त्यामुळे १०वर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला तो सुचत नाही. २५ची लिंक येत नसेल तर केबल बदलण्याआधी दोन्ही टोकांची एफईसी पाहा. लिनक्सवर इथटूल ही आज्ञा ती दाखवते आणि बदलूही देते.

त्याच्या जोडीला वाटाघाटीचा प्रश्न. २५ आणि १०० गिगाबिटच्या डॅकवर दोन्ही टोकं वाटाघाटी करून वेग, एफईसी आणि सिग्नलची जुळवणी ठरवू शकतात. १० गिगाबिटच्या एसएफपी प्लस डॅकवर अशी वाटाघाटी नसते. म्हणजे २५ गिगाबिटचं कार्ड १०वर चालवताना ती बंद, २५वर डॅक असेल तर दोन्हीकडे चालू किंवा दोन्हीकडे बंद. एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद हे मात्र चालणार नाही.

वेगातला फरक जातो कुठे

लिंक आली, दिवे हिरवे झाले, पिंग चालू झालं. आता खरा प्रश्न. एका बाजूने १०० गिगाबिटने डेटा येतोय आणि सर्व्हरकडे जाणारी लेन १०ची आहे. मधला ९०चा फरक कुठे राहतो?

स्विचच्या बफरमध्ये, म्हणजे डेटाची पॅकेट तात्पुरती थांबतात त्या मेमरीत. नरसाळ्यात बादली ओतावी तसं आहे हे: खालची नळी आपल्याच गतीने सोडते, वरचं तोंड भरत जातं, आणि भरलं की बाहेर सांडतं. इथलं नरसाळं किती मोठं आहे ते मोजता येतं. सेकंदाला ९० गिगाबिट म्हणजे मिलिसेकंदाला सव्वाअकरा मेगाबाइट. ट्रायडंट-२ चिपचा अख्खा बफर १२ मेगाबाइटचा. म्हणजे तो एकाच सर्व्हरसाठी संपूर्ण मोकळा करून दिला, तरी सुमारे १ मिलिसेकंदात भरतो. प्रत्यक्षात तो सगळ्या पोर्टांत वाटलेला असल्याने एका रांगेला त्याचा काही भागच मिळतो. त्यानंतर पॅकेट टाकून दिली जातात.

सरासरी आलेखावर हे दिसत नाही, ही यातली सर्वांत त्रासाची बाब आहे. पाच मिनिटांच्या सरासरीत पोर्ट २० टक्केच भरलेला दिसतो, आणि तरीही पॅकेट गळत असतात, कारण गळती मिलिसेकंदाच्या झटक्यात होते. सर्व्हरवाले नेटवर्कला दोष देतात, नेटवर्कवाले आलेख दाखवतात, आणि दोघांचंही खरं असतं. पाहायचा असतो तो उपपोर्टवरचा टाकून दिलेल्या पॅकेटांचा आकडा. अनेक साठवणूक सर्व्हर एकाच यंत्राला एकदम उत्तर देतात तेव्हा हे हमखास घडतं.

टीसीपी, म्हणजे डेटा पोचवण्याचा नेहमीचा नियमसंच, गळती पाहून आपला वेग कमी करतं, म्हणून साध्या कामांत हे निभावून जातं. साठवणुकीसारख्या, गळती न सोसणाऱ्या कामांत काहीतरी करावं लागतं. जुना उपाय म्हणजे पॉज फ्रेम: बफर भरत आला की पाठवणाऱ्याला थांबायला सांगणं. पण साधी पॉज त्या लिंकवरचं सगळंच थांबवते, आणि १०० गिगाबिटच्या लिंकवरून एका हळू सर्व्हरसाठी बाकी सगळे सर्व्हरही खोळंबतात. त्याची सुधारलेली आवृत्ती, पीएफसी, आठ वर्गांत वाटून हवा तोच वर्ग थांबवते. मला त्याहून ईसीएन बरी वाटते: रांग वाढू लागली की पॅकेटवर खूण केली जाते आणि पाठवणारा स्वतःच आवरतं घेतो. कुणाला थांबवायची गरज पडत नाही. पॉज सगळीकडे सरसकट चालू करून ठेवणं हा उपाय नाही, त्याने गळतीच्या जागी कोंडी येते आणि ती शोधायला अधिक अवघड असते.

शेवटचा टप्पा सर्व्हरच्या आत

सर्व्हरला नवं १०० गिगाबिटचं कार्ड घालून प्रश्न मिटवावा, असं वाटू शकतं. त्याआधी ते कार्ड ज्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणार तो पाहा. या स्लॉटलाही स्वतःच्या लेन असतात; तिसऱ्या पिढीची एक लेन साधारण ७.९ गिगाबिट नेते. आठ लेनचा स्लॉट म्हणजे ६३ गिगाबिट. सोळा लेनचा असेल तरच १०० गिगाबिट मावतात. दुसऱ्या पिढीच्या आठ लेन ३२ गिगाबिटवरच थांबतात. काही मदरबोर्डवर स्लॉट दिसायला सोळा लेनचा असतो आणि आत तारा आठच जोडलेल्या असतात. लिनक्सवर एलएसपीसीआय या आज्ञेच्या सविस्तर माहितीत प्रत्यक्ष किती लेन जुळल्या आहेत ते दिसतं.

६३च्या स्लॉटमध्ये १००चं कार्ड बसवलं, तर स्विचला समोर १०० गिगाबिटची लिंक दिसते आणि तो तेवढ्या वेगाने ओततो. पॅकेट आता स्विचमध्ये नाही, कार्डाच्या स्वतःच्या छोट्या मेमरीत येऊन गळतात. स्विचचे सगळे आकडे स्वच्छ, आणि गळती मात्र चालू. अशा सर्व्हरला मी २५ गिगाबिटची दोन टोकं देईन, शक्यतो दोन वेगळ्या स्विचांवरून. दोन्ही एकाच ब्रेकआउट केबलवर घेतली तर एक प्लग निघाल्यावर दोन्ही जातात. दोन टोकं मिळून ५० होतात, ते त्या स्लॉटमध्ये मावतात, आणि गर्दी झालीच तर ती स्विचमध्ये होते, जिथे बफर मोठा आहे, ईसीएनची खूण करता येते आणि गळलेल्या प्रत्येक पॅकेटचा हिशेब ठेवला जातो. एकाच प्रवाहाला अर्थात २५च मिळतील, कारण जोडलेल्या दोन लिंकांवर एक प्रवाह एकाच लिंकवरून जातो. पण एकच प्रवाह सतत २५च्या वर नेऊ शकणारे जुने सर्व्हर मुळातच कमी असतात. त्यांचा प्रोसेसर त्याआधीच दमतो.